बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणजे काय? तो ‘ओ’ सारखाच असतो का?

नाही, आणि ‘ओ’ समजून रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं.

आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाचं प्रतिजन (अँटिजन, म्हणजे पेशीची ओळख पटवणारी खूण) असतं. त्याच जोत्यावर ए आणि बी उभे राहतात. ‘ओ’ गटात ए-बी नसतात, पण एच भरपूर असतं. बॉम्बे गटात मुळात एचच नाही. त्यामुळे या लोकांच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार असतात आणि ‘ओ’ रक्तसुद्धा त्यांना चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचंच चालतं.

गोची होते ती तपासणीत. स्लाइडवर रक्ताचे थेंब घेऊन अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी तपासणीची द्रावणं) टाकलं की गुठळ्या कुठेच दिसत नाहीत, आणि कार्डावर बिनधास्त ‘ओ’ लिहिलं जातं. खरा प्रकार उलट तपासणीत कळतो: रुग्णाचा सीरम ‘ओ’ पेशींत मिसळला की त्यांच्याही गुठळ्या होतात. क्रॉसमॅच (रक्त देण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते पाहणं) कधीच टाळू नये ते यासाठीच.

डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत हा गट शोधला, म्हणून हे नाव. भारतात साधारण दहा हजारांत एक जण सापडतो, युरोपात दहा लाखांत एखादाच. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो, त्यामुळे नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांत शक्यता वाढते. घरात कुणाचा निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या. दाता तिथे मिळण्याची शक्यता जास्त असते.