घरच्या घरी अक्षरओळख : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्यांपासून वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहते. माझी मुलगी पावणेचार वर्षांची आहे. तिच्या बालमंदिरात इंग्रजी अक्षरे आणि गुजराती कक्को (मुळाक्षरे) शिकवतात. पुढे ज्या शाळेत तिला घालणार आहोत तेथे मराठी हा विषय नाही, म्हणून सासूबाईंनी दसऱ्याला पाटीपूजन करून तिला रोज ‘अ’ गिरवायला बसवले. परंतु थोड्याच दिवसांत ती पाटी दिसली की पळू लागली. तिला मराठी अक्षरे खेळातून कशी शिकवावीत? दोन लिप्या एकदम शिकवल्याने तिचा गोंधळ तर होणार नाही ना?

उत्तर : सासूबाईंची कळकळ अगदी रास्त आहे आणि पाटीपूजनाचा संस्कारही मोलाचा आहे, अडचण झाली आहे ती फक्त सुरुवातीच्या अक्षराची आणि हातात फार लवकर दिलेल्या पेन्सिलीची. ‘अ’ हे वर्णमालेतील पहिले अक्षर असले तरी गिरवण्याच्या दृष्टीने ते सोपे नाही. एकाखाली एक दोन वळणे, त्यांना उभ्या रेघेशी जोडणारी आडवी रेघ, मग उभी रेघ आणि वर शिरोरेघ, इतकी सगळी कसरत पावणेचार वर्षांच्या बोटांकडून करून घेणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. वर्णमालेचा क्रम हा उच्चारांच्या स्थानांनुसार लावलेला आहे, हाताच्या सोयीनुसार नव्हे. आपल्याकडे मुलांना ‘ग म भ न’ गिरवायला देण्याची जुनी रीत होती, ती याच कारणासाठी. एक लहानसे वळण आणि शेजारी उभी रेघ, एवढ्यात ‘ग’ तयार होतो, आणि मुलाला आपण काही तरी पुरे केल्याचा आनंद मिळतो.

परंतु गिरवण्याच्याही आधीची एक पायरी आहे, आणि वडोदऱ्यातील मराठी घरांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे असे मला मनापासून वाटते. देवनागरी लिपी आपल्या मुलीला पुढे हिंदीच्या निमित्ताने शाळेत भेटणारच आहे. शाळेत जे मिळणार नाही ते म्हणजे त्या अक्षरांमागचे मराठी शब्द. म्हणून घरी शिकवायचे ते प्रत्येक अक्षर घरात रोज कानावर पडणाऱ्या मराठी शब्दातून यावे, हा आग्रह धरावा. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर ‘य यज्ञाचा’, ‘ऋ ऋषीचा’ अशी चित्रे असतात. मुलाने ना यज्ञ पाहिलेला असतो ना ऋषी. त्याऐवजी आपल्या गावातलेच शब्द घ्यावेत. ‘म मगरीचा’ हे अक्षर विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना शिकवले तर ते वडोदऱ्याचे मूल जन्मात विसरणार नाही, कारण या नदीतील मगरींच्या गोष्टी प्रत्येक घरात सांगितल्या जातात. ‘क कमाटीबागेचा’, ‘स सूरसागर तलावाचा’ आणि आजीला चालत असेल तर ‘भ भाकरवडीचा’ असा आपल्या घरचा तक्ता तयार होऊ द्यावा. तो आजीने आणि नातीने मिळून, जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर चित्रे चिकटवून करावा. विकत आणू नये.

या आवाजाच्या खेळासाठी स्वयंपाकघराइतकी चांगली जागा नाही. आपण भाजी निवडत असताना मुलीला शेजारी बसवून ‘प वरून काय काय दिसते?’ असे विचारावे. ती पळी म्हणेल, परात म्हणेल, पोळपाट म्हणेल. पपईऐवजी तिने गुजरातीतील ‘पपैयुं’ म्हटले तरी चूक म्हणू नये. ‘हो, आणि आपण तिला पपई म्हणतो’ एवढे सांगून पुढे जावे. असा खेळ दोन-चार मिनिटे चालावा आणि मुलगी रंगात असतानाच थांबवावा, म्हणजे उद्या ती स्वतःहून मागेल. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ही दोन अक्षरे शब्दाच्या पोटात शोधायला लावावीत : पाणी, लोणी, दाणे; पोळी, केळे, बाळ. गुजरातीतही ‘ळ’ असल्यामुळे आपल्या मुलांच्या कानाला तो परका नसतो, ही आपल्या गावातील मराठी मुलांची जमेची बाजू आहे. ‘च’ आणि ‘ज’ या अक्षरांच्या बाबतीत मात्र थोडी काळजी घ्यावी. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतला ‘च’ आपण वेगवेगळा उच्चारतो, तसेच ‘जांभूळ’ आणि ‘जिलबी’ यांतला ‘ज’. गुजराती बोलणाऱ्या मुलांमध्ये दिवस घालवणारी मुले हळूहळू सगळीकडे ‘चिमणी’तलाच ‘च’ वापरू लागतात. यावर नियम समजावून सांगू नये. दोन्ही प्रकारचे शब्द आजीच्या तोंडून खेळात वारंवार येऊ द्यावेत, कान आपोआप तयार होतो.

आवाज ओळखता येऊ लागला की मग आकार दाखवावा आणि तो आधी बोटाला दाखवावा. पूर्वी आपल्याकडे धूळपाटी होती. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून तीत बोटाने अक्षर काढत असत. आज एका पसरट ताटात कोरडा रवा पसरला की धूळपाटी तयार होते. मोठ्या माणसाने प्रथम स्वतःच्या बोटाने सावकाश ‘ग’ काढावा, काढताना ‘ग’ असा उच्चार करावा, मग ताट हलवून अक्षर पुसून टाकावे आणि ताट मुलीपुढे सरकवावे. अक्षर बिघडले तर ताट हलवले की ते नाहीसे होते, त्यामुळे खोडरबर लागत नाही आणि चुकल्याची खूण कोठेही मागे राहत नाही. भित्र्या मुलांना याचा फार आधार वाटतो. दुसऱ्या दिवशी फरशीवर खडूने हातभर मोठे अक्षर काढून त्यावर चिंचोके मांडायला द्यावेत. मांडण्याची सुरुवात जेथून अक्षर लिहायला घेतात तेथूनच करायला लावावी, म्हणजे हाताला वळणाची दिशा कळते. घरात दोन-तीन वर्षांचे भावंड असेल तर चिंचोके उचलून ठेवण्यास विसरू नये.

अक्षर बोटाने स्पर्श करून शिकवण्याची ही रीत बालशिक्षणात चांगली रुजलेली आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती मुलांना बोटाने चाचपायला दिली. गुजरातेत बालशिक्षक गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करून ही पद्धत आपल्या मातीत आणली, आणि तेथेच त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे महाराष्ट्रात बालशिक्षणाचे मोठे काम उभे केले. मराठी आणि गुजराती मुलांच्या शिक्षणाचा धागा असा एकमेकांत विणलेला असताना आपल्या घरात या दोन भाषा एकमेकींच्या वाटेत येतील अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता दोन लिप्यांचा प्रश्न. मूल दोन भाषा सहज बोलते तशाच दोन लिप्याही ते शिकू शकते. मात्र दोन्हींतली नवी अक्षरे एकाच दिवशी त्याच्यासमोर ठेवू नयेत. बालमंदिरात कक्को चालू आहे, तेव्हा तेथे नुकत्याच झालेल्या अक्षराचे मराठी रूप घरी काही दिवसांनी घ्यावे. ग, न, प, म, य, र, स ही अक्षरे दोन्ही लिप्यांत इतकी सारखी आहेत की शिरोरेघ दिली की मराठी अक्षर झाले, असे मुलीला सांगता येते, आणि या गमतीवर मुले खूश होतात. क, च, ज, झ, फ, ब, अ, इ यांचे चेहरे मात्र दोन्हींकडे निराळे आहेत. ही अक्षरे मागाहून, एकेक करून घ्यावीत. वडोदरा रेल्वे स्थानकावरील नामफलकावर गावाचे नाव गुजरातीत आणि देवनागरीत दोन्ही लिहिलेले असते. कोणाला तरी पोहोचवायला गेलात तर मुलीला कडेवर घेऊन त्यातला ‘व’ आणि ‘र’ दोन्हींकडे शोधायला सांगावे.

शिरोरेघेबाबत एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण गुजराती लिपीला शिरोरेघ नसल्यामुळे आपल्याकडील मुले मराठी लिहितानाही ती हमखास गाळतात आणि पालकही ‘पुढे येईल’ म्हणून सोडून देतात. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ शेजारी शेजारी ठेवून पाहावे. ‘घ’ आणि ‘म’ यांच्यावरची रेघ अखंड असते. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्यावरची रेघ सुरुवातीच्या वळणावर तुटलेली असते. शिरोरेघ वगळली तर मुलाच्या डोळ्याला या जोड्यांतला फरक सांगणारी एक मोठी खूण नाहीशी होते. म्हणून अक्षराचे अंग पुरे झाले की शेवटी डावीकडून उजवीकडे रेघ ओढायची, ही सवय रव्याच्या ताटापासूनच लावावी. ‘ग म भ न’ या क्रमात ‘म’च्या पाठोपाठ ‘भ’ येतो. लहान मुलांना घरी शिकवताना मी त्यात बदल सुचवीन आणि ‘भ’ पुरेसा काळ मागे ठेवायला सांगेन. ‘ग’, ‘म’, ‘न’ आणि मुलीच्या स्वतःच्या नावातले पहिले अक्षर, एवढी चार अक्षरे पक्की झाली म्हणजे सुरुवातीला पुष्कळ झाले. ‘न’ आणि ‘ग’ जोडून ‘नग’ झाला, ‘म’ आणि ‘न’ जोडून ‘मन’ झाले, हे तिला ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ती वाचायला लागली असे समजावे.

पेन्सिलीची घाई करू नये. या वयात मनगटातील लहान हाडे पुरती तयार झालेली नसतात आणि अंगठा व दोन बोटे यांची पकडही कच्ची असते. ती पकड मटार सोलून, कणकेचे गोळे करून आणि आजीबरोबर वाती वळून तयार होते. सासूबाईंना नातीसाठी काही तरी करायचेच आहे, तर वाती वळण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे; त्यात अक्षरांची पूर्वतयारी आहे हे त्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून डाव्या हाताने लिहितो. त्याची काही अक्षरे आरशात दिसल्यासारखी उलटी होतात. त्याला उजव्या हाताची सवय लावावी का? (एक पालक, रावपुरा)

उत्तर : लावू नये. डावखुरेपण ही सवय नसून मुलाची घडण आहे आणि हात बदलायला लावल्याने अक्षर तर सुधारत नाहीच, उलट लिहिण्याबद्दल मुलाच्या मनात तिटकारा उत्पन्न होतो. उलटी अक्षरे या वयात उजव्या हाताने लिहिणारी मुलेही काढतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत ती बहुधा आपोआप सुलटतात. त्यानंतरही टिकून राहिली तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. तोपर्यंत कागद उजवीकडे किंचित कलता ठेवून द्यावा, म्हणजे लिहिलेले त्याच्या हाताखाली झाकले जाणार नाही.

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू मोबाइलवरील गाणी पाहून ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सर्व अक्षरे घडाघडा म्हणतो, परंतु पुस्तकात बोट ठेवून विचारले की गोंधळतो. त्याला अक्षरे येतात असे समजावे का? (एक आजोबा, मांडवी)

उत्तर : त्याला गाणे येते, अक्षरे अजून यायची आहेत. गाण्यात प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षराचा हात धरून येते, त्यामुळे मधलेच एखादे विचारले की मूल अडते. पाठांतर वाईट नाही, त्याला ताल आणि उच्चार मिळाले आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरे काढावीत, एका वेळी तीनच घ्यावीत आणि ती घरात लपवावीत : एक उशीखाली, एक चपलांच्या कपाटात, एक देवघराजवळ. सापडलेले अक्षर ओळखले की त्याच अक्षराने सुरू होणारी घरातली एखादी वस्तू त्याने आणून दाखवावी. अडला तर गाणे पहिल्यापासून म्हणून तेथपर्यंत पोहोचण्याची मुभा द्यावी. काही दिवसांनी त्याला तेवढी वाट चालून येण्याची गरज उरणार नाही. तीनही अक्षरे कोणत्याही क्रमाने ओळखता आली की एक जुने अक्षर काढून एक नवे घालावे. आपण स्वतः पुठ्ठे लपवावेत आणि कधी कधी त्यालाही लपवू द्यावेत, कारण लपवण्यासाठी निवडताना तो प्रत्येक अक्षराकडे अधिक बारकाईने पाहतो.