घड्याळ काढ, पडणं ठेव

प्रिय मित्रा,

दिवसभराच्या कामानंतर डोकं शांत व्हावं म्हणून तू 'टोनी हॉक्स प्रो स्केटर 1+2' हा स्केटबोर्डचा व्हिडिओ गेम घेतलास आणि तासाभराने आखडलेले खांदे घेऊन उठतोस, हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या मित्रांच्या सल्ल्याचं मात्र त्याहून वाईट वाटलं. त्यांनी 'नो बेल्स' (स्केटर कधीच पडत नाही अशी सवलत) चालू करायला सांगितलं, तू केलंस, आता पडत नाहीस आणि मनही लागत नाही. कसं लागेल? जे काढायचं ते ठेवलंस आणि जे ठेवायचं ते काढलंस. घड्याळ काढ, पडणं ठेव.

1999 आणि 2000 मधले नेव्हरसॉफ्टचे मूळ गेम 2 मिनिटांच्या फेरीवर उभे होते. व्हायकेरियस व्हिजन्सने 2020 मध्ये ते नव्याने बांधले, तेव्हा स्केट टूरमधली, म्हणजे मैदानामागून मैदान उघडत जाण्याच्या मुख्य खेळातली, ती 2 मिनिटं तशीच ठेवली. मैदानात विखुरलेली इंग्रजी SKATE ची पाच अक्षरं, लपवलेली टेप, स्कोअर, सगळं तेवढ्यात. जरा चुकलं की पॉज, रिट्राय. स्पर्धेच्या मैदानांवर तर 1 मिनिटाच्या 3 फेऱ्या. त्यात मजा आहे, पण ती सुट्टीच्या सकाळी. रात्री साडेदहाला थकलेल्या माणसाने तिकडे फिरकू नये.

मेन्यूतलं 'फ्री स्केट' उघड, तिथे वेळ मोजली जात नाही. वेअरहाउस हे मैदान निवड. गेम मॉड्समध्ये, म्हणजे सवलतींच्या यादीत, जाऊन नो बेल्स, परफेक्ट रेल, परफेक्ट मॅन्युअल (शेवटच्या दोन तुझा तोल आपोआप सांभाळतात), तिन्ही बंद कर. (पुढे 2025 चा 3+4 घेतलास तर त्यात टूरचं घड्याळच 1 तासापर्यंत वाढवता येतं.)

पडणं ठेव म्हणतो, कारण या गेममध्ये उगाच कोणी पडत नाही. फ्लिप (हवेत बोर्ड फिरवणं) पूर्ण व्हायच्या आत जमीन आली, पडलास. ग्रॅबचं (हवेत हाताने बोर्ड पकडण्याचं) बटण उतरेपर्यंत दाबून धरलंस, पडलास. बोर्ड आडवा असताना टेकलास, पडलास. प्रत्येक वेळी कारण तुझ्या बोटांत असतं आणि लगेच समजतं. दिवसभरात अशी किती कामं असतात, ज्यांत चूक कुठे झाली ते दोन सेकंदांत कळतं? डोकं शांत होतं ते इथे. नो बेल्स लावलं की हा धागाच तुटतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. एकच क्वार्टरपाइप (वर वळत जाणारा उतार) धर आणि पंधरा मिनिटं तिथेच राहा. वर जा, एक ग्रॅब, बटण लवकर सोड. चाकं उतारावर टेकतात त्या क्षणी रिव्हर्ट, म्हणजे टेकताच बोर्ड गर्रकन वळवणं (प्लेस्टेशनवर आर 2), आणि लगेच वर-खाली दाबून मॅन्युअल, म्हणजे दोनच चाकांवर तोल सांभाळत जाणं. पुष्कळांचं इथेच चुकतं: रिव्हर्ट लागतो, पण वर-खाली उशिरा येतं आणि करामतींची साखळी तुटते. रिव्हर्टची हालचाल संपायची वाट बघू नकोस, ती चालू असतानाच बोट हलव. स्टिकवर अंगठा तिरका जातो आणि वर-खाली नीट नोंदलं जात नाही, म्हणून डी-पॅड, म्हणजे दिशांची चार बटणं, वापर. रिव्हर्ट मुळात तिसऱ्या गेममध्ये आला. नव्या आवृत्तीने तो पहिल्या दोन्हींच्या मैदानांतही दिला. ही तिची सगळ्यात मोठी देणगी आहे असं मी मानतो.

मॅन्युअल लागला की तोल दाखवणाऱ्या काट्याकडे बघ. काटा एका बाजूला झुकला की दिशा दाबून धरू नकोस, हलके टिचके दे. धरून ठेवलंस की तो दुसऱ्या टोकाला आपटतो. साखळी लांबेल तसा काटा चंचल होतो. गुण म्हणजे सगळ्या करामतींची बेरीज गुणिले करामतींची संख्या: 5 करामतींचे 2,000 झाले तर 10,000. पडलास तर त्या साखळीचा भोपळा. म्हणून काटा थरथरायला लागला की ऑली (बोर्डासकट उडी) मार, सरळ उतर, मिळाले ते गुण घे. पाचव्या करामतीवर शांतपणे उतरणं पंधराव्यावर घाम फुटण्यापेक्षा चांगलं, आणि हे मी कितीही लोकांनी आळशीपणा म्हटलं तरी सोडणार नाही. गेम अर्धवट खेळल्यासारखं होतं म्हणे. मुळीच नाही. ज्याला घड्याळ हवं त्याच्यासाठी टूर आहेच.

गाण्यांचा आवाज अर्ध्यावर आण. मग काँक्रीटवरची चाकांची खरखर, लाकडी रॅम्पवरचा पोकळ आवाज, रेलवर बोर्डाखालचा ट्रक (चाकं धरणारा धातूचा भाग) घासल्याचं धातूचं किरकिरणं वेगवेगळं ऐकू येतं. टेकण्याचा क्षण डोळ्यांआधी कानाला कळतो आणि रिव्हर्ट आपोआप वेळेवर पडायला लागतो.

वेअरहाउसचा कंटाळा आला तर मार्सेय हे मैदान घे. टूरमध्ये ते स्पर्धेचं मैदान आहे, फ्री स्केटमध्ये मात्र नुसते गुळगुळीत बोल, म्हणजे वाटीसारखे खोलगट भाग. आणि अरे, अंगठा दुखायला लागला की थांब, हे वेगळं सांगायला लागू नये!

पुढच्या पत्रात स्कोअर कळवू नकोस. रिव्हर्टनंतरचा मॅन्युअल नेमका कुठे सुटतो, तेवढं लिही.

तुझा,
काका