तक्रार नोंदवूनच घेत नाहीत!

प्रश्न : ताई, इंटरनेट बंद करून दोन महिने झाले, तरी माझं नाव-पत्ता सांगत अनोळखी लोकांचे फोन येतात. कंपनी म्हणते, ‘अशी तक्रार आमच्याकडे बसत नाही.’
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : वाचून रागच आला. बसो न बसो, डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, पैसे लागत नाहीत. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदाही आधी कंपनीचंच दार दाखवतो, डेटा संरक्षण मंडळ नंतर. म्हणून पुरावा जपा. आईला असेच फोन यायचे, तेव्हा मी प्रत्येक फोनची तारीख, वेळ वहीत लिहायचे. एकाने चाळीतल्या खोलीचा नंबर ‘१४’ऐवजी ‘४१’ सांगितला. ती चूक फक्त कंपनीच्या अर्जावर होती, म्हणजे माहिती तिथूनच फुटली!