दऱ्या, दर्या आणि हजेरीपट

प्रश्न : मी सांगलीत कॉलेजात मराठी शिकवते. मराठी शब्द आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लावणारं एक छोटं पायथन पॅकेज मी लिहिलंय. चाचण्यांच्या याद्या 'टेस्ट्स' फोल्डरमधल्या 'डेटा'त ठेवल्यात, वर्णक्रमाची फाइलही तिथेच आहे. एक यादी आमच्या वर्गाच्या हजेरीपटातली आहे, खऱ्या नावांवर चाचणी चांगली होते म्हणून. माझ्या लॅपटॉपवर सगळं पास होतं. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात) ०.१.० चढवलं, तर विद्यार्थ्याकडे 'फाइल सापडली नाही'. ती आवृत्ती काढून, दुरुस्त करून पुन्हा ०.१.० चढवायला गेले तर नाकारलं गेलं. आता काय करू?

उत्तर : ताई, आधी कामाबद्दल. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, पण युनिकोडने त्याला ल आणि व यांच्या मध्ये बसवलंय. त्यामुळे नुसतं 'सॉर्ट' म्हटलं की मराठी यादीचा क्रम बिघडतो. तुमचं पॅकेज हे दुरुस्त करतं, तेव्हा ते नीट बाहेर पडायलाच हवं.

०.१.० सोडून द्या. पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलनाव पुन्हा मिळत नाही, आवृत्ती काढून टाकली तरीही. हा नियम मला पटतो. कुणी ०.१.० वर विसंबून काही बांधलं असेल, तर उद्या त्याच नावाखाली वेगळा माल त्याच्या हाती पडता कामा नये. दुरुस्ती ०.१.१ म्हणून चढवा. पुढे कधी अशी चूक झाली तर आवृत्ती न काढता 'यँक' करा, म्हणजे मागे घेतल्याची खूण करा. पायपीआयवर २०२० पासून ही सोय आहे. यँक केलेली आवृत्ती जागेवर राहते, पण नेमकी तीच मागितल्याशिवाय पिप (पॅकेजं बसवणारं साधन) ती उचलत नाही.

मोडलं कुठे ते बघू. तुम्ही चाचण्या प्रकल्पाच्या फोल्डरात उभ्या राहून चालवल्या. तिथे 'टेस्ट्स/डेटा' हा रस्ता आहे, म्हणून फाइल सापडली. विद्यार्थ्याच्या मशीनवर फक्त तुमचा कोड पोहोचला, तो फोल्डर पोहोचलाच नाही.

खरं म्हणजे तुमच्या 'डेटा'त दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदताहेत. वर्णक्रमाची फाइल वापरणाऱ्याला रोज लागते. ती कोडशेजारी, पॅकेजच्या आत ठेवा, पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रकल्पाच्या मांडणीच्या फायलीत सेटअपटूल्सच्या (पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या) 'पॅकेज-डेटा'त तिची नोंद करा आणि कोडमधून 'इम्पोर्टलिब.रिसोर्सेस'च्या 'फाइल्स'ने वाचा. पायथन ३.९ पासून ते आहे, आणि चालवणारा कुठल्याही फोल्डरात असला तरी फाइल सापडते. चाचणीच्या याद्या मात्र चाचणी घेणाऱ्यालाच लागतात. त्या व्हीलमध्ये (बसवायला तयार गठ्ठ्यात) नकोत, एसडिस्टमध्ये (मूळ कोडच्या गठ्ठ्यात) हव्यात, कारण डेबियनसारख्या लिनक्स प्रणालींसाठी पॅकेज बांधणारे लोक मूळ गठ्ठा उतरवून तिथे चाचण्या चालवतात. सेटअपटूल्स 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या पायथन फायली एसडिस्टमध्ये आपण होऊन घेतं, शेजारच्या याद्या घेत नाही. त्यासाठी मॅनिफेस्ट.इन या फायलीत एक ओळ लागते : 'रिकर्सिव्ह-इन्क्लूड टेस्ट्स *.टीएक्सटी' (टाइप करताना रोमन लिपीत).

पण ही ओळ आज लिहू नका. ती लिहिलीत की हजेरीपट जगभर जाईल. 'डेटा' गेला नाही म्हणून तुमचं पॅकेज मोडलं, आणि त्यामुळेच बहुधा मुलांची नावं घरात राहिली. बहुधा म्हणते, कारण ०.१.० ची एसडिस्ट उघडून खात्री करायला हवी. तुमच्या 'डिस्ट' फोल्डरात ती अजून असेल. पायपीआयच्या प्रती आरशांवर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरांवर, ठेवल्या जातात, एकदा गेलेली फाइल सगळीकडून परत आणता येत नाही. त्या मुलांनी नावं हजेरीसाठी दिली, आपल्या चाचणीसाठी नाही. क्रम तपासायला शब्दच पुरतात : कमळ, काळ, हळद, वाळवण, क्षमा, ज्ञान.

हजेरीपटाची फाइल प्रकल्पातूनच उचला, नुसती मॅनिफेस्टमधून वगळू नका. मगच ती ओळ लिहा. माझ्या एका पॅकेजात मी मॅनिफेस्टमधली ओळ काढली, तरी फाइल दोन आवृत्त्या जातच राहिली. 'एग-इन्फो' नावाच्या फोल्डरात जुनी यादी शिल्लक होती आणि सेटअपटूल्स ती वाचत होतं. तेव्हापासून प्रत्येक बांधणीआधी मी 'बिल्ड', 'डिस्ट' आणि 'एग-इन्फो' हे तिन्ही फोल्डर पुसते.

बांधून झालं की आत बघा. व्हील म्हणजे साधी झिप फाइल. पायथनच्याच 'झिपफाइल' मॉड्यूलला यादी विचारली की मजकूर ओळीने समोर येतो. तुमच्यासारख्या पॅकेजात जेमतेम आठ-दहा ओळी निघतील, त्या एकेक वाचा. वर्णक्रमाची फाइल दिसली पाहिजे, 'टेस्ट्स' दिसता कामा नये. एसडिस्टही अशीच 'टार'ने तपासा, तिथे दोन्ही हवीत. मग प्रकल्पाबाहेर रिकामा फोल्डर करा, नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) उभं करा, त्यात 'डिस्ट'मधलं व्हील बसवा, फक्त 'टेस्ट्स' तिथे नकलून आणा आणि चाचण्या चालवा. तुमच्या विद्यार्थ्याला जे मिळणार, तेच तुम्ही इथे तपासता आहात. हे पास झालं की आधी टेस्टपायपीआय या सरावाच्या कोठारावर चढवून बघा, मग खऱ्या जागी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मराठी याद्यांपुरती ती मला महत्त्वाची वाटते. 'दऱ्या'तला र काही ठिकाणी ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिलेला असतो, तर काही ठिकाणी साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणूनही ते एक होत नाहीत, आणि 'स्वच्छता' म्हणून कुणी न दिसणारी चिन्हं पुसली तर दुसऱ्या प्रकारातली 'दऱ्या' सरळ 'दर्या' होते. डोंगरातून समुद्रात! दोन्ही लिखाणांची 'दऱ्या' आणि सोबत 'दर्या' अशी तीन ओळींची एक यादी करा. पहिल्या दोघी शेजारी बसल्या पाहिजेत आणि 'दर्या' वेगळा राहिला पाहिजे. फाइल उघडताना 'एन्कोडिंग यूटीएफ-८' स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोजवरच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे ही यादी वाचताच येणार नाही.