घरदुरुस्ती: तुमचे प्रश्न

प्रश्न: अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर आहे. खालच्या मजल्याच्या मागच्या भिंतीला बाहेरून माती टेकलेली. पावसाळ्यात रंग सुटतो, पांढरी पूड येते. आतून फ्रेम उभारून जिप्सम बोर्ड स्वतः लावता येईल का? भिंत 12 फूट लांब, 9 फूट उंच.
– वाचक, गोडोली, सातारा

उत्तर: येईल, पण यंदा नाही. पांढरी पूड म्हणजे पाण्यासोबत आलेले क्षार. बोर्डाने ओल झाकेल, थांबणार नाही, आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंना असलेला कागद बुरशीला आयताच मिळेल. भर पावसात 2 बाय 2 फुटांचा प्लास्टिक कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूला धरले तर पाणी मातीतून येतंय. खोलीच्या बाजूला धरले तर तो हवेचा दमटपणा, त्यासाठी बाहेर खणण्यात अर्थ नाही. मातीतलं पाणी असेल तर गच्चीचा पाइप लांब सोडा, भिंतीमागे चर खणून खडी आणि भोकांचा पाइप टाका. एक पावसाळा कोरडा गेला की दिवाळीनंतर काम काढा.

लाकडी फ्रेम नको, वाळवी लागते. जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचे, 50 मिमी चॅनेल (पन्हाळीसारख्या पट्ट्या) भिंतीपासून 2 इंच सोडून फरशीला आणि स्लॅबला दर 2 फुटांवर प्लग-स्क्रूने बसवा. फ्रेम मागच्या भिंतीत ठोकू नका. तिथलं प्रत्येक भोक पाण्याला वाट. चॅनेलमध्ये उभे बसणारे 48 मिमीचे 7 स्टड लागतील, 2-2 फुटांवर. ते 8-10 मिमी आखूड कापा आणि बोर्डाचे स्क्रू वरच्या चॅनेलमध्ये मारू नका. स्लॅब किंचित वाकतो. जागा ठेवली नाही तर सांधे तडकतात. टीव्ही टांगायचा असेल तर तिथे स्टडच्या मधे 12 मिमी प्लाय आत्ताच बसवा, वायरिंगही.

हिरवा, ओलावारोधक 12.5 मिमी बोर्ड घ्या, 6 बाय 4 फुटी. उभ्या तीन रांगा होतात, प्रत्येकीत एक अख्खा आणि एक 3 फुटी तुकडा. म्हणजे 5 बोर्ड, अर्धा उरतो. मधल्या रांगेत तुकडा खाली घ्या, आडवे सांधे एका रेषेत येणार नाहीत. त्या सांध्यांमागे चॅनेलचा आडवा तुकडा हवाच, म्हणून 12 फुटी चॅनेल तीन आणा. 25 मिमी स्क्रू 200 पुरतात. कडेला 8 इंचांवर, मधे 12 इंचांवर. डोकं कागदात जरासं दबलं पाहिजे. कागद फाटला की पकड गेली, शेजारी दुसरा मारा. बोर्ड फरशीपासून 10 मिमी वर ठेवा, नाहीतर फरशी पुसतानाचं पाणी शोषतो. फट स्कर्टिंगखाली जाते.

सांध्यात वॉल पुट्टी भरू नका. बहुतेक भेगा तिच्यामुळेच दिसतात. जॉइंटिंग कंपाउंड (बोर्डाच्या सांध्यांसाठीचं खास भरण), त्यात दाबलेली कागदी टेप, वर आणखी दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर आणि आधीच्यापेक्षा रुंद.

प्रश्न: पुरात बुडालेला जिप्सम बोर्ड वाळवून चालेल का?
– वाचक, गावभाग, सांगली

उत्तर: नाही. पाण्याच्या खुणेच्या वर किमान फूटभर कापून काढा, कारण बोर्ड पाणी वर ओढतो. फ्रेम धुऊन खालच्या चॅनेलमधला गाळ काढा. गंजलेले तुकडे बदला. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर त्या भागात तळमजल्याला पुन्हा जिप्सम लावणं म्हणजे पैसे पाण्यात. सिमेंट बोर्ड लावा किंवा सरळ प्लास्टर करा.