मार्जिन म्हणजे इसार नव्हे

या वेळच्या टपालात चलनाच्या सौद्यांवर एकापाठोपाठ पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. पत्रातले आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या विषयात आकड्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. फ्युचर्स म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने डॉलर घेण्या-विकण्याचा एक्स्चेंजवरचा सौदा; विकणाऱ्याला भाव चढला की तोटा. लॉट हे त्याचं एकक, आणि सौदा कापणं म्हणजे तो बंद करणं.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २०,००० डॉलरची ऑर्डर हातात होती. डॉलर खाली येईल असं वाटलं म्हणून रुपया-डॉलरच्या फ्युचर्समध्ये ८४.२० ला ६० लॉट विकले. खात्यात १,४०,००० रुपये होते. तिसऱ्या दिवशी ब्रोकरने ८६.८० ला सौदा कापला. पैसे गेले ते गेले, पण आता तो वर १६,००० रुपये आणि दंड मागतो आहे. ठेवलेलं सगळं गेल्यावर आणखी देणं कसं लागतं?

जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो. व्यवहार नको झाला तर इसार बुडतो आणि माणूस मोकळा होतो. मार्जिनही तसंच असेल, ही समजूत बहुतेकांची असते आणि घोटाळा तिथेच होतो. मार्जिन हे तोट्याची हमी म्हणून घेतलेलं तारण आहे. तोट्याची कमाल मर्यादा त्यावरून ठरत नाही. तुमची जबाबदारी पूर्ण सौद्याची असते.

आता तुमचाच हिशेब मांडू. एक लॉट १,००० डॉलरचा. ६० लॉट म्हणजे ६०,००० डॉलर, ८४.२० च्या भावाने ५०,५२,००० रुपयांचा माल. त्यासाठी तुमच्याकडचे होते १,४०,०००, म्हणजे सौदा भांडवलाच्या ३६ पट. डॉलर एक पैसा हलला की तुमचे ६०० रुपये हलतात. १,४०,००० ला ६०० ने भागलं तर २३३ पैसे येतात. याचा अर्थ डॉलर ८६.५३ ला पोचला की खातं शून्य, आणि त्यापुढचा प्रत्येक पैसा म्हणजे ६०० रुपयांची उधारी. हा ८६.५३ चा आकडा सौदा करण्याआधीच कागदावर लिहून ठेवायला हवा होता. भागाकार एका ओळीचा आहे, तरी करणारे फार थोडे.

चलनाच्या फ्युचर्समध्ये तोटा सौदा संपेपर्यंत लांबत नाही, रोजच्या रोज वळता होतो. त्याला एमटीएम म्हणतात. पहिल्या दिवशी भाव ८४.९५ ला बंद झाला असं धरा : ७५ पैसे, ४५,००० रुपये वजा. दुसऱ्या दिवशी ८५.७० : आणखी ४५,०००. खात्यात उरले ५०,०००, आणि सौदा चालू ठेवायला अडीच टक्के मार्जिन धरलं तरी सव्वा लाखाच्या वर हवेत. इथे फोन येतो. ‘उद्या भरतो’ म्हणण्याची वेळ हीच आणि नुकसान वाढतं तेही इथेच. तिसऱ्या दिवशी भाव वर उघडला, ८६.८० ला सौदा कापला गेला, म्हणजे आणखी ११० पैसे, ६६,००० रुपये. ५०,००० मधून ६६,००० वजा केले की उरतात उणे १६,०००.

ब्रोकर हे पैसे खिशात घालत नाही. तुमचा तोटा म्हणजे समोरच्या कुणाचा तरी नफा, आणि एक्स्चेंजचं क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सौद्यांची देणी-घेणी मिटवणारी संस्था, तो नफा त्याला देतं. ते वसूल करतं क्लिअरिंग मेंबरकडून, तो ब्रोकरकडून, आणि ब्रोकर तुमच्याकडून. तुम्ही भरले नाहीत तरी ब्रोकरला भरावेच लागतात. म्हणून लेजरला, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या खातेवहीत, डेबिट दिसतं, करारात असेल त्या दराने त्यावर व्याज लागतं, आणि तारण ठेवलेले शेअर असतील तर तेही विकले जाऊ शकतात.

असा उलटा दिवस क्वचितच येतो हे खरं, पण येतो. २८ ऑगस्ट २०१३ ला रुपया एका दिवसात २५६ पैशांनी घसरला होता. तुमच्या ६० लॉटला त्या एका दिवसाचा तोटा १,५३,६०० रुपये झाला असता.

पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा. सौदा कापल्याची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, मागा आणि त्यातली वेळ व भाव त्या दिवसाच्या वरच्या-खालच्या भावांत बसतो का ते बघा. मार्जिन कमी असल्याचे संदेश कोणत्या तारखांना आले ते जुळवा. दंडाचा हिशेब वेगळा मागा : कमी पडलेलं मार्जिन १ लाखाच्या आत आणि लागणाऱ्या मार्जिनच्या १० टक्क्यांच्याही आत असेल तर दर ०.५ टक्का, नाहीतर १ टक्का, आणि सलग तीन दिवसांहून अधिक राहिलं तर ५ टक्के. शेवटी लेजर एकेक ओळ वाचा. हिशेब बरोबर निघाला तर १६,००० देणं लागता, हे स्पष्ट सांगायला हवं. चूक सापडली तर आधी ब्रोकरच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, मग बाजार नियामक सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार पोर्टलवर, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’ पोर्टलवर लवादाकडे जा.

आणखी एक, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. २०,००० डॉलरच्या ऑर्डरला २० लॉट पुरेसे होते. तेवढेच विकले असते तर याच चढात फ्युचर्समध्ये ५२,००० रुपये गेले असते, पण डॉलर आल्यावर ऑर्डरच्या बिलात ५२,००० जास्त मिळाले असते. उरलेले ४० लॉट ही निव्वळ अटकळ होती. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार, जे मे २०२४ पासून लागू झालं, रुपयाच्या चलन सौद्यामागे खरा व्यवहार असावाच लागतो. १० कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवायची सक्ती नाही, याचा अर्थ व्यवहार नसला तरी चालतो असा नाही. सोलापुरातही पुष्कळांनी मात्र हाच चुकीचा अर्थ घेतला.

आणि २० लॉट असले तरी रोख रकमेची सोय लागते. एमटीएम आज जातं, परदेशी गिऱ्हाईकाचे डॉलर ९० दिवसांनी येतात. मधल्या काळात सूत आणि मजुरी थांबत नाही. मार्जिनशिवाय दर लॉटमागे निदान ३,००० रुपये हाताशी मोकळे ठेवावेत, असं आमचं मत. म्हणजे डॉलर तीन रुपये उलटा गेला तरी चांगला सौदा मध्येच कापावा लागणार नाही.

प्रश्न : स्टॉपलॉस लावून ठेवला तर तोटा तिथेच थांबतो ना? मग खातं उणे जाण्याचा प्रश्न येतो कुठे? (जुळे सोलापूर)

स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाला तोट्यातला सौदा बंद करण्याची आधीच दिलेली सूचना, ही हमी नाही. भाव तिथे पोचला की बाजारात जाणारी ती एक ऑर्डर आहे. त्या भावाला समोर घेणारा-विकणारा असेल तरच सौदा होतो. लिमिट (याहून वाईट भाव नको, अशी अट) लावून दिलेला स्टॉपलॉस तर भाव उडी मारून पुढे गेला की तसाच पडून राहतो. आपला चलन बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालतो, आणि डॉलर मात्र रात्रीही लंडन-न्यूयॉर्कमध्ये हलत असतो. रात्री बातमी आली की सकाळचा पहिला भावच तुमच्या स्टॉपलॉसच्या पलीकडे असू शकतो. शनिवार-रविवारनंतरचा सोमवार त्याहून धोक्याचा.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण स्विस फ्रँकचं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने ६ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं होतं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. तीन वर्षांहून अधिक काळ ते पाळलंही. त्यामुळे हजारो लोक १.२० च्या जरा वर युरो घेऊन बसले, थोडं खाली स्टॉपलॉस लावून. १५ जानेवारी २०१५ ला, आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, दुपारी तीनच्या सुमारास बँकेने तो आधार काढून घेतल्याचं जाहीर केलं. काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांना घेणारं कुणी नव्हतंच.

समजा एखाद्याने १,००,००० युरो १.२०१० ला घेतले होते, १०० पट उधारीवर, म्हणजे स्वतःचे साधारण १,२०० फ्रँक घालून. स्टॉपलॉस १.१९९०, अपेक्षित तोटा २०० फ्रँक. प्रत्यक्षात १.०२ ला कापला गेला तर तोटा १८,१०० फ्रँक, आणि देणं जवळपास १७,००० फ्रँकचं. ब्रोकरने हे सौदे पुढे बँकांकडे वळते केले होते आणि बँकांना त्यांचे पैसे हवे होते. एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरच्या ग्राहकांची खाती मिळून सुमारे २२.५ कोटी डॉलरने उणे गेली आणि कंपनीला ३० कोटी डॉलरचं तातडीचं कर्ज घ्यावं लागलं. अल्पारीची ब्रिटनमधली कंपनी तर दिवाळखोरीत गेली.

त्यानंतर युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांच्या सीएफडी सौद्यांना (माल न घेता फक्त भावातल्या फरकावरचे सौदे) जास्तीत जास्त ३० पटीची मर्यादा घातली आणि खातं शून्याखाली गेलं तर ते देणं ग्राहकावर नाही, असा नियम केला. आपल्याकडच्या एक्स्चेंजवरच्या फ्युचर्सना असं संरक्षण नाही.

स्टॉपलॉस लावूच नये असं नाही, जरूर लावा. फक्त लॉटची संख्या ठरवताना तो नाहीच असं धरून हिशेब करा.

प्रश्न : टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून मुलाने परदेशी फॉरेक्सचं ॲप घेतलं. ५०० पट लिव्हरेज (उधारीवरचा सौदा). यूपीआयने ९५,००० रुपये भरले. आता ॲपमध्ये खातं उणे १,१४० डॉलर दाखवतं आणि ‘भरा, नाहीतर कोर्टात खेचू’ असे फोन येतात. भरावे का? (बार्शी)

एक रुपयाही भरू नका. वरच्या दोन उत्तरांतली देणी खऱ्या बाजारातली आहेत, ही तशी दिसत नाही. यूपीआयने कुणा तिसऱ्याच्याच खात्यात पैसे मागणारा धंदा अधिकृत ब्रोकरचा नसतो. अशा ॲपवर सौदा बाहेर कुठे जातच नाही, पडद्यावरचा आकडा तेच हलवतात. आधी नफा, मग तोटा, मग ‘देणं’.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधान-यादी तिच्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ॲपचं नाव तिथे शोधा, पण यादीत नसलं म्हणजे अधिकृत असं समजू नका. परदेशी सौद्यांच्या मार्जिनसाठी उदारीकृत प्रेषण योजनेतूनही (रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवायला परवानगी नाही. असे सौदे करणाऱ्यावर फेमा या परकीय चलन कायद्याखाली कारवाई होऊ शकते. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून वकिलाशी एकदा बोला. पण त्या भीतीने तक्रार टाळू नका.

आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले ते खातं, ग्रुपचे आणि ॲपचे स्क्रीनशॉट, आलेले फोन नंबर एकत्र ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ॲप काढून टाकायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. आणि मुलावर आत्ता रागावू नका, कारण घरच्यांना कळेल या भीतीनेच पुष्कळ मुलं पुढचे हप्ते भरत राहतात.

प्रश्न : निर्यातदाराने मग करायचं काय, ज्यात देणं अंगावर येणार नाही? (साखर पेठ)

पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने डॉलर विकण्याचा हक्क, विकत घेतला तर जास्तीत जास्त प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, जातो. ४० पैसे प्रीमियम असेल तर लॉटला ४०० रुपये, २० लॉटला ८,००० आणि वर खर्च. ऑप्शन विकणं मात्र फ्युचर्सइतकंच धोक्याचं. मे २०२४ नंतर एक्स्चेंजवर या सौद्यांची उलाढाल खूप घटली आहे, त्यामुळे खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत आधी बघा.

बहुतेक लहान कारखानदारांना बँकेचा फॉरवर्डच, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव बँकेशी आधीच ठरवण्याचा करार, सोपा पडतो. त्यात रोजचं एमटीएम नाही. पण ऑर्डर रद्द झाली तर फॉरवर्डही रद्द करावा लागतो आणि फरक भरावा लागतो. ५०,००० डॉलर ८४.६० ला विकून ठेवले आणि रद्द करताना भाव ८६.१० असला तर ७५,००० रुपये. म्हणून पूर्ण ऑर्डरचा फॉरवर्ड करू नका. गिऱ्हाईक जुनं असेल तर ७० टक्के, नवं असेल तर निम्मा, आणि तोही एलसी (गिऱ्हाईकाच्या बँकेचं हमीपत्र) किंवा आगाऊ रक्कम हाती आल्यावर. मुदत माल निघायच्या तारखेवरून न ठरवता पैसे यायच्या तारखेवरून ठरवा आणि वर पंधरा दिवस धरा. बँकेचा भाव पटत नसेल तर शाखेत ‘एफएक्स-रिटेल’ या चलन खरेदी-विक्रीच्या पोर्टलची नोंदणी मागा. लहान उद्योगांना डॉलरची खरेदी-विक्री करताना बाजारातला भाव तिथे समोर दिसतो, आणि बँक आपला आकार त्यावर किती लावते हेही कळतं.