यवतमाळकडच्या खेड्यात मोबाइल हॉटस्पॉटवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) 250-300 मिलिसेकंद येतो. ‘गिल्ड वॉर्स 2’ या ऑनलाइन गेममधली जंपिंग पझल्स, म्हणजे उड्या मारत पार करायची कोडी, जमतील का?

जमतील, कारण या गेममध्ये पात्राची हालचाल आधी तुमच्याच कॉम्प्युटरवर होते. सर्व्हर युरोप-अमेरिकेत असला तरी बटण दाबताच उडी लागते. उशिरा येतो तो सापळ्याचा मार, म्हणून सापळा थांबलेला दिसला तरी क्षणभर थांबून निघा. पडायची खरी कारणं वेगळीच असतात. ऑप्शन्समध्ये ‘डबल-टॅप टू इव्हेड’ (दिशेचं बटण दोनदा दाबून लोळण) बंद करा, नाहीतर कडेवर पाऊल सरकवताना पात्र लोळण घेतं आणि थेट दरीत. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा आवाका, पूर्ण वाढवा. जवळचा शत्रू आधी निपटा: लढाईत धावण्याचा वेग सेकंदाला 294 युनिटवरून 210 वर येतो आणि उडी तोकडी पडते. बरेच जण इथेच ‘ही उडी अशक्य आहे’ म्हणून पझल सोडतात. स्विफ्टनेस (वेग वाढवणारा परिणाम) लांब उडीला चांगला, लहान दगडावर मात पुढे नेऊन पाडतो.

अपवाद हॅलोविनच्या ‘मॅड किंग्ज क्लॉक टॉवर’चा. तिथे वेळेची शर्यत आहे. नेट जरा अडकलं की पात्र मागे खेचलं जातं आणि फेरी गेलीच. तो लाइन जायच्या वेळा सोडून, यूएसबी टेदरिंगवर (मोबाइल केबलने जोडून) करा.